फिट्टंफाट

माझी बहीण शकुंतला लहानपणापासूनच अंगानं जाड. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती जन्मली तेव्हा सुईण आईला म्हणाली होती म्हणे, "यशोदाबाई, दोन पोरींचं सामान एकीतच आलंय." आई ही गोष्ट शेजारणींना हसत हसत सांगायची. अक्का लग्नाच्या वयाची झाली आणि आईनं ती गोष्ट सांगणं बंद केलं.

आमचं घर नाशिकरोडला. वडील, भिमाजी पगारे, आमचे आप्पा, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. कॉलनीत बहुतेक घरं बौद्धांची, मधोमध लहानसा विहार. घरात आम्ही तीन भावंडं. सगळ्यांत थोरला सावळीराम, म्हणजे दादा. मग अक्का. आणि शेंडेफळ मी, लता.

दादा सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. हात इतका साफ की अवघड काम आलं की साहेब त्यालाच हाक मारायचे. पण १९७० च्या सुमारास तो प्यायला लागला, आणि दोन वर्षांत रोज प्यायला लागला. त्याला मुलगी बघायला आम्ही सिन्नरला गेलो त्या दिवशीही तो पिऊनच होता. मुलीच्या वडिलांना आप्पांनी सांगितलं, "एसटीच्या धुळीनं डोळे लाल झालेत पोराचे." लग्न झालं, भागीवहिनी घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की धूळ कुठली होती.

अक्का मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या आवारात वकिलांच्या टेबलांची रांग असते, तिथं तिनं १९७१ साली एक जुनं मशीन घेऊन टेबल मांडलं. त्या रांगेत बाई ती एकटीच. पाठीमागं तिला कोण काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. पण ज्याला अर्ज बिनचूक आणि दुपारच्या आत हवा असायचा, तो मुकाट तिच्याकडेच यायचा.

घरातला न्याय मात्र वेगळा होता. दादा दारात कोसळला की आई त्याचे बूट काढायची, लिंबूपाणी पाजायची आणि शेजारच्या सरुबाईला सांगायची, "पित्त उसळलंय गं पोराचं." सरुबाई हळहळायची, "मनानं सोनं आहे तुमचा सावळीराम. संगत तेवढी वाईट." अक्कानं तिसरी भाकरी घेतली की मात्र आईचा हात टोपल्यावर थांबायचा. मी काठीसारखी होते. मी चार खाल्ल्या तरी आई म्हणायची, "खा गं, तुझ्या अंगाला लागत नाही." खरं सांगायचं तर अक्का माझ्यापेक्षा कमी जेवायची. ते मला माहीत होतं आणि मी कधी बोलले नाही.

एकदा डॉक्टरनं सांगितलं म्हणून ती पंधरा दिवस नुसत्या ताकावर राहिली. सोळाव्या दिवशी कोर्टात मशीनवरच चक्कर येऊन पडली. वजन उतरलं होतं दीड किलो. त्यानंतर तिनं ते सोडून दिलं. "भुकेल्या बोटांनी चुका होतात," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा नेऊ लागली.

तिला अकरा स्थळं येऊन गेली. अकराही नकार. एका पाहुण्यानं तर चहा पिऊन झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ही धाकटी दाखवता का?" त्या रात्री मी जेवले नाही. अक्का जेवली आणि मलाही उठवून जेवायला लावलं.

बारावं स्थळ १९७६ च्या जानेवारीत आमच्या मंगळूमामानं आणलं. मामा राहायचा पिंपळगाव बसवंतला. मुलगाही तिथलाच, धोंडीराम नाव, कांद्याच्या खळ्यावर मुकादम. पाहुणे यायच्या आधी तासभर मामा आप्पांजवळ बसला. मी आणि अक्का आतल्या खोलीत होतो. मधे नुसता पडदा.

"दाजी, लपवाछपवी करत नाही," मामा म्हणाला. "मुलगा घेतो. जरा जास्तच घेतो. पण आपली शकू तरी कुठं... तुम्ही समजून घ्या. तिच्यात एक खोट, त्याच्यात एक खोट. फिट्टंफाट! कुणी कुणाला बोलायचं कामच नाही."

आप्पांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बोलाव."

मी अक्काकडे बघितलं. वाटलं, आता रडेल. ती आरशासमोर भांग पाडत होती. भांग सरळ आला नाही म्हणून तिनं पुसला आणि पुन्हा पाडला.

पाहुणे आले. धोंडीराम, त्याची आई कुसाबाई आणि एक चुलता. धोंडीराम तीस-बत्तीसचा, उंच, खांदे पडलेले. तोंडात लवंग धरून आला होता, तरी वास लपत नव्हता. अक्का पोहे घेऊन बाहेर गेली. कुसाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरी, जरा चालून दाखव."

अक्का खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"वजन किती असंल?"

"ब्याण्णव," अक्का म्हणाली. "परवाच स्टेशनवरच्या मशीनवर केलं."

आईनं डोळे मिटले. कुसाबाई म्हणाली, "लय झालं की गं. पोरंबाळं व्हायला अडचण तर नाय येणार?"

मामा घाईघाईनं मधे पडला. "उतरेल हो वजन. लग्नाआधी दोन महिने ताकावर ठेवू तिला."

"मामा, माझं झालं असेल तर आता मी विचारते," अक्का म्हणाली.

"शकू," आप्पांनी दटावलं. पण ती धोंडीरामकडे वळली होती.

"तुम्ही रोज किती घेता?"

कुसाबाईच बोलली, "रोज कुठं? बसतो कधीमधी चार माणसांत. पुरुषाची जात हाय. लगीन झालं का सुटंल आपोआप."

"मावशी, मी त्यांना विचारलं."

धोंडीरामच्या हातात कपबशी होती. ती खुळखुळत होती. त्यानं ती खाली ठेवली, हात मांडीखाली दाबले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "रोज. सकाळीच लागते. नाही घेतली तर हात थांबत नाहीत."

मामा उगाच खोकला. अक्का मात्र धोंडीरामकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"खरं बोललात," ती म्हणाली. "आज सकाळपासून या घरात तुम्ही पहिले. म्हणून मीही खरं सांगते. मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुम्हाला बायको नको, डॉक्टर पाहिजे. बायका डॉक्टरचं काम करायला जातात आणि मग माझ्या टेबलावर पोटगीचे अर्ज घेऊन येतात. रोज दोन तरी मी टाईप करते."

कुसाबाई ताडकन उठली. "एवढं ढोल अंग, अन् नखरे बघा पोरीचे! चल रे धोंड्या." धोंडीराम उठला, दारापाशी थांबला, अक्काला हात जोडले आणि आईच्या मागं गेला.

दार लागलं आणि आप्पा कडाडले, "हातचं स्थळ घालवलंस! आता कोण येणार आहे तुला?"

"कुणी नाही आलं तरी चालेल, आप्पा. तुम्ही माझ्या जोडीला काय ठेवलं होतं ते तुम्ही बघितलंत ना? मी जाड आहे. त्या माणसाचे हात सकाळी कापतात. हे एकसारखं कसं?"

आईनं पोहे परत पातेल्यात ओतले.

पुढच्या वर्षी अक्कानंच हट्ट धरला, "लताचं आधी उरका, माझ्यापायी तिला अडवू नका." माझं लग्न झालं. नवरा पंचवटीत शाळामास्तर. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या सासूनं आईला हळूच सुचवलं की वरातीत थोरलीला जरा मागं ठेवा. आईनं मान डोलावली. मी ते ऐकलं. वरातीत अक्का मागं चालली आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

१९७८ च्या श्रावणात मी माहेरी आले होते. रविवार होता. दादा आठ दिवसांपासून कामावर गेला नव्हता, आतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी स्वयंपाकघरात. अक्का मशीन पुसत होती. शनिवारी ती ते घरी आणायची.

आई म्हणाली, "शकू, दादाचा रजेचा अर्ज करून टाक. कावीळ लिही."

अक्कानं फडकं बाजूला ठेवलं. ट्रंकेतून एक फाईल काढली. तिला प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी ठेवायची सवय होती. तिनं वाचायला सुरुवात केली. "मार्च चौऱ्याहत्तर, ताप. जुलै, कावीळ. पंच्याहत्तर, गाडीवरून पडला. आपल्याकडे गाडी कधी होती? शहात्तर, कावीळ. आजी वारली. सत्त्याहत्तर, आजी वारली. आई, आजी दोनदा वारली आणि खरी तर ती माझ्या जन्माआधीच गेली होती."

मला हसू आलं. आईला नाही.

"भावाची नोकरी वाचवायची का नाही?"

"आजपासून मी खोटं टाईप करणार नाही."

"सख्खी बहीण ना तू!" आईचा आवाज चढला. "स्वतःचं तोंड आवरत नाही आणि त्याला शिकवायला निघालीस!"

अक्का शांतपणे म्हणाली, "आई, मी जाड आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं, तरी तू कॉलनीभर सांगतेस. दादा पितो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तू झाकतेस. माझ्या जाडीनं कुणाचं काय गेलं? भागीच्या अंगावरचे वळ बघितलेस कधी? तो आजारी आहे. मान्य. पण आजाऱ्याला औषध देतात. तू नुसतं पांघरूण घालतेस."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. सहा वर्षांत ती सासूसमोर मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "वन्सं, खरं लिहा. सही मी घेते त्यांची."

अक्कानं कागद चढवला, मधे कार्बन घातला. अर्ज चार ओळींचा होता. 'मी गेली आठ वर्षे दारू पीत आहे. आता ती माझ्या हातात राहिलेली नाही. यापूर्वीच्या रजांची दिलेली कारणे खरी नव्हती. उपचारासाठी तीन महिने बिनपगारी रजा मिळावी, ही विनंती.'

मशीनचा आवाज थांबला तसा दादा बाहेर आला. त्यानं कागद घेतला, वाचला आणि फाडून टाकला. "मला बदनाम करतेस?" तो ओरडला. "बघ स्वतःकडे!"

"बघते की. रोज आरशात बघते," अक्का म्हणाली. "कागद फाडलास तरी कॉपी आहे. सही करायची की नाही ते तू ठरव. पण दुसरा अर्ज या मशीनवर होणार नाही."

दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, प्यायच्या आधी, त्यानं कॉपीवर सही केली. वहिनी आणि अक्का दोघी कारखान्यात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं कागद दोनदा वाचला. म्हणाला, "असं कारण आजवर कुणी लिहिलेलं नाही." रजा दिली, पण बजावलं की तीन महिन्यांत माणूस ताळ्यावर आला नाही तर नोकरी राहणार नाही.

आता न्यायचं कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात मंगळूमामा आला आणि बोलता बोलता म्हणाला, "तो धोंडीराम आठवतो? रक्ताची उलटी झाली, मुंबईला नेला. वर्ष होऊन गेलं, शिवत नाही दारूला."

दुसऱ्या दिवशी अक्कानं कोर्टात टेबल लावलं नाही. वहिनीला घेऊन ती पिंपळगावच्या एसटीत बसली. पुढचं मला वहिनीनं सांगितलं. खळ्यावर टेम्पो भरणं चाललं होतं, सगळीकडे कांद्याची उडती साल. कुसाबाई बाजेवर बसली होती. अक्काला पाहून ती उठून उभी राहिली. वहिनीला वाटलं, आता शिव्या देते. कुसाबाईनं तांब्याभर पाणी आणलं, अक्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पोरी, त्या दिशी तू बोलली नसती ना, तर म्या याचं लगीन लावून दिलं असतं अन् दोघांची बी माती झाली असती."

धोंडीराम आला. हात स्थिर होते. अक्कानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पंचवटीत नगरपालिकेच्या शाळेत दर शनिवारी आम्ही बसतो. दारू सोडलेले आणि सोडू बघणारे. कुणी कुणाला उपदेश करत नाही. आणा त्यांना. मी येतो दर आठवड्याला."

शाळा माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. पहिल्या शनिवारी दादाला वहिनीनं आणलं तेव्हा मीही दारापर्यंत गेले होते. लहान मुलांच्या बाकांवर मोठाली माणसं अवघडून बसली होती. एक टांगेवाला, एक पुजारी, एक निवृत्त पोस्टमास्तर, धोंडीराम. दादा शेवटच्या बाकावर बसला.

इथून सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. दादा दोनदा घसरला. पहिल्यांदा दिवाळीत, दुसऱ्यांदा रजा संपायच्या आठवड्यात, आणि नोकरी गेली. त्या दिवसापासून आईनं अक्काशी बोलणं टाकलं. दहा महिने! ताट वाढायची, पण शब्द नाही. कॉलनीतही बोभाटा झाला, या जाडीनं भावाला देशोधडीला लावलं. घर अक्काच्या टेबलावर चाललं होतं, पण ते कुणी मोजत नव्हतं. अक्का सकाळी साडेनऊची बस धरायची, संध्याकाळी परत यायची. मी एकदा विचारलं, "तुला पश्चात्ताप होत नाही?" ती म्हणाली, "नोकरी दारूनं गेली, लता. मी फक्त कागदावर लिहिलं."

नोकरी गेल्यावर वर्षभर दादाची धरसोड चालू होती; १९८० च्या फेब्रुवारीत त्यानं शेवटची दारू प्यायली. मग एका लहान वर्कशॉपमध्ये त्याला लेथवर काम मिळालं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. वहिनी मोठ्यानं हसू लागली. तिचं हसणं कसं आहे ते आम्हाला तेव्हा कळलं.

१९८३ च्या बुद्धपौर्णिमेला कॉलनीच्या मंडळानं दादाचा सत्कार ठेवला. विहार भरला होता. आधी वंदना झाली, सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. मग मंडळाचे अध्यक्ष झुंबर गांगुर्डे उठले. त्यांनी दादाला शाल दिली, गुलाबाचा हार घातला. टाळ्या पडल्या. माझेही डोळे भरले.

झुंबरभाऊ मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. बायकांच्या बाजूला बघून ते हसत म्हणाले, "सावळीरामनं दारूसारखी दारू सोडली. आता आमच्या शकुंतलाताईंनीही भावाचा आदर्श घ्यावा. त्याला बाटली सोडता आली, तर ताईंना दोन घास सोडणं काय अवघड आहे?"

सतरंजीवर हशा पिकला. सरुबाई तर तोंडाला पदर लावून हसत होती. अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिनं एक हात जमिनीवर टेकला, उठली आणि बायकांच्या मधून वाट काढत माईकपाशी गेली. झुंबरभाऊंना वाटलं, आभार मानायला आली. त्यांनी माईक तिच्या हातात दिला.

"झुंबरभाऊ, आत्ता आपण सगळ्यांनी पंचशील म्हटलं," अक्का म्हणाली. कोर्टात तारीख सांगावी तसा तिचा आवाज साधा होता. "पाचवं शील दारूचं. दहा वर्षं माझा भाऊ याच जागी उभा राहून ते म्हणत होता, आणि घरी जाऊन पीत होता. तेव्हा या विहारातून त्याला कुणी एका शब्दानं टोकलं नाही. सगळे म्हणायचे, मनानं सोनं आहे. जाडीबद्दलचं शील मी अजून ऐकलेलं नाही. तरी त्याचा उपदेश मला रोज होतो. बसमध्ये होतो, लग्नाच्या पंगतीत होतो, आज बुद्धपौर्णिमेलाही झाला."

आता कुणी हसत नव्हतं.

"दादानं जे केलं ते फार अवघड होतं. मी ते जवळून बघितलंय. त्याला शाल दिलीत, मला आनंद आहे. पण मला त्याच्या रांगेत उभं करू नका. दारूनं माझ्या वहिनीचं अंग काळंनिळं झालं, नोकरी गेली. माझ्या अंगानं कुणाचं काय बुडवलं, ज्याला माहीत असेल त्यानं उठून सांगावं. मी थांबते."

ती खरंच थांबली. कुणी उठलं नाही. मी उठले. सांगायला काही नव्हतं, नुसती उठले आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वरात आठवली.

मग दादा खुर्चीवरून उठला. त्याला भाषण येत नव्हतं. तो माईकशिवायच म्हणाला, "माझा खरा अर्ज हिनं टाईप केला. तो फाडला तेव्हा मी हिला काय बोललो, ते मला माहीत आहे." एवढं बोलून तो पुन्हा बसला. झुंबरभाऊंचा चेहरा पडला होता. माणूस वाईट नव्हता. ते पुढं आले आणि म्हणाले, "ताई, माझी चूक झाली." अक्कानं मान हलवली आणि माईक त्यांना परत दिला.

घरी परतताना आई अक्काच्या बाजूनं चालत होती. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "पुढं बसले होते मी. सगळं ऐकू आलं." अक्का म्हणाली, "बरं झालं." एवढंच. आईला माफी मागता येत नव्हती आणि अक्काला ती मागून घ्यायची नव्हती.

त्या पावसाळ्यात धोंडीराम एकदा कोर्टात आला. मधे मामा नाही, आई नाही. अक्काच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून त्यानं सरळ विचारलं, "सहा वर्षं झाली मला दारू सोडून. आता विचारू का?" अक्कानं महिनाभर विचार केला. मग त्याला सांगितलं की तुम्ही मला आवडता, पण मी आता छत्तीसची आहे, माझं सगळं माझ्या मनासारखं लागलंय आणि मला ते हलवायचं नाही. तो म्हणाला, "खरं सांगितलंत." पुढच्या वर्षी त्यानं नांदूरच्या एका विधवेशी लग्न केलं. साक्षीदार म्हणून अक्काची सही आहे. कुसाबाईनं तिला पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं.

अक्काचं मनासारखं लागलेलं म्हणजे काय, ते १९८४ साली सगळ्यांना दिसलं. तिनं पंचवटीत माझ्या घराजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि टायपिंगचा वर्ग काढला. सहा मशीन. चार मशीनचे अडकलेले भाग दादानं लेथवर नवे करून दिले. वहिनी सातवी शिकलेली. अक्कानं तिला घरीच शिकवून मराठी तीसची परीक्षा द्यायला लावली. दुसऱ्या वेळी ती पास झाली आणि सकाळची तुकडी सांभाळू लागली. मुली तिला भागीबाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा ती मागं वळून कोण आलं ते बघत होती.

अक्काचं वजन काही उतरलं नाही. डॉक्टर बदलला, नव्या बाई डॉक्टरांनी रक्त तपासलं, गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, आणि जेवण सोडू नका म्हणाल्या. ती रोज सकाळी गोदाकाठानं भाजीबाजारापर्यंत चालते आणि येताना मेथी घेऊन येते. अजूनही एखादा पोरगा मागून काही बोलतो. ती वळून त्याचं नाव विचारते. बहुतेक जण पळतात. एकानं नाव सांगितलं होतं, तो आता वर्गात इंग्रजी चाळीसला आहे.

शहाऐंशीच्या परीक्षेला वर्गाच्या एकवीस मुली बसल्या. एकोणीस पास झाल्या. निकालाच्या दिवशी वहिनीनं पेढे वाटले, आणि नापास झालेल्या दोघी जिन्यात रडत बसल्या होत्या. अक्का खाली गेली, दोघींच्या मधे पायरीवर बसली, एकेक पेढा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "सोमवारपासून या. सकाळी सातला."